कणकेचा गोळा आणि ताटातील वस्तू

मुलाच्या बुद्धीची वाढ कशी होते, हा विषय शिक्षकांच्या प्रशिक्षणात बहुधा फळ्यावर शिकविला जातो. अमुक वयाला अमुक पायरी, असा तक्ता विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत उतरवितात आणि विसरतात. हाच विषय हातांनी करून पाहिला तर मनात राहतो. म्हणून आम्ही येथे दोन खेळ देत आहोत. दोन्ही घरच्या सामानावर होतात.

पहिला खेळ : हा स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६-१९८०) यांच्या प्रयोगावरून घेतला आहे. कणकेचे दोन सारखे गोळे करावेत. पाच वर्षांच्या मुलाला ते सारखे आहेत ना, असे विचारावे. मग त्याच्यासमोर एक गोळा लांब वळून पुन्हा विचारावे. बहुतेक लहान मुले लांब वळलेल्यात कणीक जास्त आहे असे सांगतात. सात-आठ वर्षांचे मूल मात्र म्हणते, "सारखीच की! तुम्ही वरून थोडीच घातली?" रूप बदलले तरी माप तेच राहते हे उमगणे, ही पियाजे यांच्या मते वाढीची मोठी पायरी होय. विद्यार्थ्यांनी आपला अंदाज आधी वहीत लिहावा, घरच्या मुलांना विचारावे आणि दुसऱ्या दिवशी उत्तरे ताडून पाहावीत.

दुसरा खेळ : हा ऑस्ट्रेलियातलाच आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासक जुडिथ कीअरिन्स यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात केलेले हे संशोधन १९८१ साली प्रसिद्ध झाले. ताटात वीस लहान वस्तू मांडाव्यात, तीस सेकंद पाहू द्याव्यात, मग सर्व एकत्र करून पुन्हा जागच्या जागी ठेवण्यास सांगावे. या कामात वाळवंटी भागातील मूळनिवासी मुले गोऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. गोरी मुले वस्तूंची नावे पुटपुटत घोकीत. मूळनिवासी मुले गप्प बसून नुसती पाहत. वर्गात दुसऱ्या वेळी सगळे दगडच मांडावेत. मग नावे घोकून भागत नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतःच कळते.

पिएर दासेन यांनाही मध्य ऑस्ट्रेलियात असाच अनुभव आला. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मूळनिवासी मुलांना जागा व दिशा यांचे प्रश्न मापाच्या प्रश्नांआधी सुटत. कॅनबेरातील गोऱ्या मुलांत हा क्रम उलटा होता.

दोन्ही खेळ झाल्यावर शिक्षकांनी वर्गाला एकच प्रश्न विचारावा : या मुलांपैकी मागे कोण? पहिल्या खेळावर एक उत्तर येईल, दुसऱ्यावर दुसरे. पायऱ्यांचा तक्ता उपयोगी आहे, पण मूल ज्या मातीत वाढते तिथे ज्या गोष्टीची गरज असते, ती ते आधी शिकते. एवढे कळले की धडा पुरा झाला.

आम्हा परदेशी आलेल्यांना हा धडा विशेष जवळचा आहे. नव्या देशातल्या शाळेत आपले मूल पहिले काही महिने बोलत नाही आणि कोणीतरी त्याला 'मंद' म्हणून मोकळे होते. आईबापही घाबरून तेच मानू लागतात. अशा वेळी कोणता खेळ खेळवून हे ठरविले, असे शिक्षकांना नम्रपणे विचारावे. गप्प बसलेले मूल कदाचित ताट पाहत असेल.