उंटाची मान

लहानपणी मला प्राण्यांची छोटी खेळणी जमवण्याचा छंद होता. आमचे घर जुन्या नाशिकमध्ये होते. दर बुधवारी गोदावरीच्या काठी आठवडे बाजार भरत असे. दादी मला बाजारात नेत आणि एखादे खेळणे घेऊन देत. त्यांनी घेतलेले शेवटचे खेळणे म्हणजे मातीचा एक उंट. पुढच्याच महिन्यात त्या वारल्या.

माझी सारी खेळणी खिडकीवरच्या एका लांब फळीवर मांडलेली होती. फळीला फक्त दोन टोकांना आधार होता. एका पावसाळ्यात ती मधोमध वाकली. एका रात्री धाडकन आवाज झाला. उंट जमिनीवर पडला होता. त्याची मान तुटली होती. मी खूप रडलो.

अब्बांनी मान चिकटवली आणि सुतारचाचांना बोलावले. मी म्हणालो, “चाचा, खूप मोठे कपाट करा.”

ते हसले. “बेटा, कपाट केवढे हवे ते खेळण्यांना विचार. आधी त्यांचे माप घे.”

आम्ही पट्टी घेऊन बसलो. सर्वांत उंच खेळणे नऊ इंचांचे होते. हात सहज आत जावा म्हणून चाचांनी खालचा कप्पा बारा इंच उंच ठेवला. वरचे कप्पे लहान केले. खोली आठ इंचच ठेवली. कपाट फार खोल असले तर मागच्या वस्तू दिसत नाहीत. मागच्या रांगेखाली त्यांनी लाकडी पायरी बसवली. प्रत्येक लांब फळीला मध्ये आधार दिला. जड खेळणी खाली आणि हलकी वर ठेवायला सांगितले. धूळ बसू नये म्हणून सरकत्या काचा लावल्या.

“आता जागा!” चाचा म्हणाले. “बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. ओलीने मातीच्या खेळण्यांचा रंग सुटतो. खिडकीतल्या उन्हाने रंग उडतो.” म्हणून कपाट आतल्या भिंतीशी, थोडे अंतर सोडून उभे केले. ते पुढे कलंडू नये म्हणून लोखंडी पट्टीने भिंतीला पक्के केले.

पुण्याच्या दिनकर केळकरांनीही घरातच वस्तू जमवायला सुरुवात केली होती. दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून मिळवल्या. पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले. तेथे 20,000 हून अधिक वस्तू आहेत. पण एका वेळी थोड्याच मांडलेल्या असतात. गर्दी केली की एकही वस्तू नीट दिसत नाही.

मीही तसेच करतो. काही खेळणी कापडात गुंडाळून ठेवतो आणि अधूनमधून बदलतो. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी असते. उंटाखाली लिहिले आहे : ‘दादीने दिलेला. बुधवारचा बाजार.’ पाहुणे आधी त्याची चिकटवलेली मान पाहतात, मग चिठ्ठी वाचतात. मग मी त्यांना दादीविषयी सांगतो.

शब्दार्थ
छंद – आवड, शौक
ओल – दमटपणा
कलंडणे – एका बाजूला झुकून पडणे
अडकित्ता – सुपारी कातरण्याचे साधन

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फळी मधोमध का वाकली?
(आ) केळकरांनी संग्रहालयाला कोणाचे नाव दिले?
2. कारणे लिहा.
(अ) चाचांनी कपाट फार खोल केले नाही.
(आ) कपाट आतल्या भिंतीशी ठेवले.
3. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूसाठी दोन ओळींची चिठ्ठी लिहा.