पलटणीबरोबर चालणारा पाद्री

लढाईच्या गोष्टी निघाल्या की आमच्या मंडळ्यांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. जेथे माणसे माणसांस मारावयास निघतात, तेथे पाद्र्याचे काय काम? पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या शिपायांकरिता बांधलेली सेंट मेरीज व सेंट पॅट्रिक्स ही मंदिरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस पलटणीचा पाद्री हा प्रकार अगदीच नवा नाही. तथापि तो काय करतो व काय करीत नाही, याविषयी पुष्कळांच्या मनात घोटाळा असतो. सबब या पाठात एका रोमन कॅथोलिक पाद्र्याचे उदाहरण घेऊन विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अशा पाद्र्यास चॅपलेन म्हणतात. त्याच्या अंगावर शिपायाचा पोशाख असतो, परंतु हाती शस्त्र नसते. १८६४ साली जिनीव्हा येथे राष्ट्रांनी जो करार केला, त्यात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या वैद्यांबरोबर पाद्र्यांसही तटस्थ मानिले. १९४९ च्या करारात तर असे ठरले की, चॅपलेन शत्रूच्या हाती सापडला तरी त्यास युद्धकैदी समजू नये, व कैद्यांची धर्मसेवा करण्यास त्यास मोकळीक द्यावी. म्हणजे राष्ट्रांनी त्याची जागा वैद्याशेजारी नेमून दिली आहे. हे ध्यानात ठेवून पुढील हकीकत वाचावी.

व्हिन्सेंट कापोडानो यांचा जन्म १९२९ साली न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंड या भागात, इटलीहून आलेल्या कुटुंबात झाला. अमेरिकेतील रोमन कॅथोलिक लोकांनी परदेशी मिशनरी पाठविण्याकरिता १९११ साली मेरीनॉल नावाची संस्था काढली होती, तीत ते दाखल झाले. १९५८ साली पाद्रीपणाची दीक्षा मिळताच संस्थेने त्यांस तैवान बेटावर हक्का लोकांमध्ये धाडिले.

तेथे त्यांची गाठ भाषेशी पडली. हक्का भाषेत स्वर चढला किंवा उतरला की शब्दाचा अर्थच पालटतो. आमच्याकडे आलेल्या कित्येक साहेबांची 'ल' आणि 'ळ' यांत किती तारांबळ उडे, हे जुन्या मंडळींस आठवत असेल. तेथील अडचण त्याहून पुष्कळ मोठी होती. शिवाय रोमन कॅथोलिक पाद्र्यास लोकांची पापकबुली ऐकावी लागते. जो मनुष्य लाजत, अडखळत, कुजबुजत आपले अंतःकरण उघडे करतो, त्याचे बोलणे पाद्र्यास कळत नसेल, तर त्या दोघांची स्थिती कशी होत असेल? फादर कापोडानो यांनी भाषेचा कसून अभ्यास केला, तरी ती त्यांस अखेरपर्यंत जड गेली. ज्या उपदेशकास परक्या मुलखात नेमणूक झाली आहे, त्यास हे दुःख समजावून सांगणे नको.

सुमारे सहा वर्षांनी ते रजेवर घरी गेले. परत आल्यावर वरिष्ठांनी त्यांस तैवानऐवजी हाँगकाँगच्या शाळेत नेमिले. हे त्यांच्या मनाविरुद्ध होते. तैवानात परत पाठवावे, ही त्यांची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा व्हिएतनाममधील लढाईत शिपायांचा पाद्री होऊन जाण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती मात्र मिळाली. हे देवाचे पाचारण होते की खिन्न मनाने शोधलेली दुसरी वाट होती, हे ठरविणारे आम्ही कोण? कदाचित दोन्ही असेल. बहुतेक पाचारणे अशीच मिश्र असतात.

अमेरिकेच्या मरीन पलटणीस स्वतःचे वैद्य नसतात आणि पाद्रीही नसतात. ते दोन्ही आरमार पुरविते. म्हणून फादर कापोडानो आरमाराचे लेफ्टनंट होऊन १९६६ च्या एप्रिलात व्हिएतनामच्या भूमीवर उतरले. छावणीत राहून रविवारी मिस्सा चालविली असती तरी कोणी बोट ठेविले नसते. पण शिपाई चिखलातून जात तेव्हा ते त्यांच्याबरोबर चालत, ते खात तेच खात, आणि त्यांच्याजवळ बसून सिगारेटही ओढीत. आमच्या मंडळीच्या वडिलांस ही शेवटली गोष्ट रुचणार नाही. आम्हांसही ती वाखाणावयाची नाही, परंतु झाली ती सांगितली.

त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांची नेमणूक मरीनांच्या वैद्यकीय तुकडीच्या इस्पितळात झाली. आमच्या उपदेशक बंधूंनी विशेष लक्ष द्यावे असा भाग हाच आहे. लढाईच्या इस्पितळात एकाच वेळी अनेक जखमी येऊन पडतात. कोणास आधी टेबलावर घ्यावे, कोण थांबू शकेल आणि कोणाचा इलाज उरला नाही, हे वैद्यास क्षणात ठरवावे लागते. ज्याचा इलाज उरला नाही त्यापासून वैद्य नाइलाजाने दूर होतो. ती रिकामी झालेली जागा पाद्र्याची होय. तेथे प्रवचनास वेळ नसतो आणि ऐकणाऱ्यास शक्तीही नसते. हात धरावा, नाव विचारावे, तो आईविषयी बोलला तर आईविषयी ऐकावे. तैवानात ज्यांचे कान हतबल झाले होते, त्यांस येथे मरणाऱ्याचा प्रत्येक शब्द मातृभाषेत ऐकू येत होता.

कॅथोलिक शिपायास ते तेल लावून पापक्षमेचे शब्द उच्चारीत. हा संस्कार आपण प्रॉटेस्टंट लोक मानीत नाही, व तो मानावा असेही आमचे म्हणणे नाही. परंतु याकोबाच्या पत्रात वडिलांनी रोग्याकडे जाऊन प्रार्थना करावी असे जे सांगितले आहे, ते आपण तरी कितपत पाळतो? त्या पलटणींत प्रॉटेस्टंट शिपाई पुष्कळ होते, आणि पाद्री सगळ्यांसाठी होता. आपला उपदेशक तालुक्याच्या दवाखान्यात जातो तेव्हा आपल्या मंडळीच्या खाटेजवळ थांबतो, आणि शेजारच्या खाटेवरचा मनुष्य त्याच्याकडे पाहत राहतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. लाजेने सांगतो, आम्ही स्वतः असे केलेही आहे.

त्यांचे वर्ष भरले, तेव्हा त्यांनी आणखी सहा महिने मागून घेतले. ४ सप्टेंबर १९६७ रोजी के सोन खोऱ्यात एक पलटण शत्रूच्या मोठ्या फौजेच्या कचाट्यात सापडली. पुढची तुकडी आता बुडणार असे कळताच फादर कापोडानो कंपनीच्या ठाण्याचा आडोसा सोडून, गोळ्या सुटत असलेल्या उघड्या जागेतून तिकडे धावत गेले. तोफगोळा फुटून त्यांचे हातपाय जखमी झाले व उजव्या हाताचा काही भाग तुटला. शुश्रूषक मलमपट्टीस आले, तेव्हा त्यांनी त्यांस दुसऱ्यांकडे धाडिले. पुढे एक शुश्रूषकच जखमी होऊन यंत्रबंदुकीच्या अगदी माऱ्यात पडलेला दिसला. ती बंदूक सुमारे १५ यार्डांवर होती. त्याच्याजवळ पोहोचावयास काही इंच उरले असता पाद्री गोळ्या लागून पडले. त्यांचे वय ३८ वर्षांचे होते.

१९६९ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने त्यांस मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर हे आपले सर्वात मोठे युद्धपदक दिले. पुढे आरमाराच्या एका जहाजासही त्यांचे नाव ठेविले. युद्धनौकेस पाद्र्याचे नाव ही गोष्ट आम्हांस जरा विचित्र वाटते.

आता आरंभीचा प्रश्न. त्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांहून अधिक शिपाई मेले, आणि व्हिएतनामी लोक त्याच्या कितीतरी पटीने मेले. आशिया खंडातील लोकांस शुभवर्तमान सांगावयास निघालेला मिशनरी आशियातील भातखाचरांत लढणाऱ्या सैन्याबरोबर चालत होता. त्याच्या शौर्याने हा पेच सुटत नाही, आणि तो सुटला असे भासविणे खरेपणाचे होणार नाही. त्यांच्या स्वतःच्या मंडळीसही तो जाणवला आहे. २००६ साली तिने त्यांस 'देवाचा सेवक' ही पदवी दिली. पण पुढे त्यांस संतपदाकडे न्यावे की नाही याचा विचार चालला असता, २०२२ साली रोम येथील धर्मपंडितांनी प्रकरण थांबवावे अशी शिफारस केली. जगात लढाया पेटल्या असता सैन्यातील मनुष्य पूज्य म्हणून पुढे करणे योग्य होईल काय, ही शंका त्यांच्या कारणांपैकी एक होती. आम्हांस ती शंका रास्त वाटते. पण जखमी शुश्रूषकाकडे धावणाऱ्या त्या पाद्र्याच्या हातात बंदूक नव्हती, हेही आम्हांस विसरता येत नाही.