आफ्रिका पायी तुडवणारे आफ्रिकी : सिदी मुबारक बॉम्बे आणि शरणपूरची मुले

मुरुड-राजपुरीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला आफ्रिका खंड फारसे परके वाटू नये. समोर खाडीच्या तोंडाशी जंजिरा उभा आहे. त्याच्या सिद्दी राज्यकर्त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आणि १९४८ साली विलीन झालेल्या त्या संस्थानाला जुन्या कागदांत 'हबसाण' असेच नाव आढळते. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. तेथून माणसे इकडे कशी आली, पराक्रमाने सत्ता कशी मिळवली, याची हकीकत आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही थोडीफार ठाऊक असते. परंतु इकडे आणली गेलेली काही माणसे पुन्हा समुद्र ओलांडून आपल्या खंडात परतली, आणि तो खंड त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी तुडवला, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. त्यांपैकी एकाचे नावच 'बॉम्बे' होते, आणि काही जण चक्क नाशिकला वाढलेले होते.

आफ्रिकेच्या संशोधनाचा इतिहास म्हटला की लिव्हिंग्स्टन, बर्टन, स्पीक, स्टॅन्ले ही नावे पाठ म्हणून दाखवता येतात. मी या विषयाकडे वळलो तो याच नावांमुळे. पण या गृहस्थांची प्रवासवर्णने बारकाईने पाहिली म्हणजे ध्यानात येते की, वाट विचारणारा, भाषा समजावून सांगणारा, वाटाघाट करणारा, ओझे वाहणारा आणि आजारी साहेबाला झोळीत घालून नेणारा मनुष्य दरवेळी दुसराच कोणी आहे. त्याला पुस्तकात 'नोकर' म्हटले आहे. माझ्या मते तोच खरा प्रवासी होय. साहेब दोन-तीन वर्षांनी मायदेशी जाऊन ग्रंथ लिहीत असे, आणि हा मनुष्य पुढच्या साहेबाबरोबर पुन्हा वाटेला लागत असे.

सिदी मुबारक बॉम्बे याचा जन्म १८२० च्या सुमारास, आजच्या टांझानिया व मोझांबिक यांच्या सीमेवरील याओ जमातीत झाला. तो लहान असताना गुलामांचा व्यापार करणाऱ्यांनी त्याच्या गावावर धाड घातली. पकडलेल्या माणसांना किल्वा बंदरात व तेथून झांझिबारला नेण्यात आले, आणि मुबारक विकला जाऊन पश्चिम भारतात येऊन पडला. येथे तो वर्षानुवर्षे राहिला. हिंदुस्थानी भाषा शिकला. मालक मरण पावल्यावर मोकळा झाला आणि झांझिबारला परतून सुलतानाच्या बलुची पलटणीत शिपाई म्हणून राहिला. बर्टन व स्पीक यांना तो १८५७ मध्ये याच पलटणीच्या एका ठाण्यावर भेटला. त्याची ही जीवनकथा स्पीकने पुढे आपल्या ग्रंथात नोंदवली, म्हणून ती आज उपलब्ध आहे.

येथे भाषेचा मुद्दा फार मनोरंजक आहे. स्पीकला अरबी येत नव्हती, स्वाहिलीही येत नव्हती. मात्र तो बंगालच्या देशी पायदळातला अधिकारी असल्याने हिंदुस्थानी बोलत असे. तेव्हा मध्य आफ्रिकेच्या रानात एक इंग्रज हिंदुस्थानीत प्रश्न विचारतो, मुबारक त्याचे स्वाहिलीत रूपांतर करतो, तेथून ते आणखी एखाद्या स्थानिक बोलीत जाते आणि उत्तर त्याच साखळीने उलट येते, असा सारा व्यवहार चालला होता. बर्टन हा तर मुंबई इलाख्याच्या पलटणीतला. त्याने मराठीचीही परीक्षा दिली होती! नाईलच्या उगमाचा शोध हिंदुस्थानीच्या आधारावर लागला असे म्हणणे थोडे धाडसाचे होईल, पण अगदीच खोटे होणार नाही.

मुबारकच्या प्रवासांची नुसती यादी केली तरी मन थक्क होते. बर्टन-स्पीक यांच्याबरोबर तो १८५८ च्या फेब्रुवारीत टांगानिका सरोवरापर्यंत गेला. त्याच वर्षी स्पीकबरोबर ज्या महासरोवराला पुढे व्हिक्टोरिया म्हणू लागले तेथे गेला. १८६० ते १८६३ या काळात स्पीक व ग्रँट यांच्याबरोबर युगांडातून नाईलच्या काठाकाठाने पार कैरोपर्यंत पोहोचला. १८७१ मध्ये स्टॅन्लेच्या तांड्यात तो शिपायांचा नायक होता, आणि उजिजी येथे स्टॅन्ले व लिव्हिंग्स्टन यांची प्रसिद्ध भेट झाली त्या मोहिमेचा भार त्याच्यावरही होता. अखेर १८७३ च्या मार्चमध्ये लेफ्टनंट कॅमेरॉनबरोबर पूर्व किनाऱ्यावरील बागामोयोहून निघून तो १८७५ च्या नोव्हेंबरात पश्चिमेला अटलांटिक महासागराशी जाऊन थांबला. कॅमेरॉनला 'पूर्वेकडून पश्चिमेकडे मध्य आफ्रिका ओलांडणारा पहिला युरोपियन' असा मान मिळाला. मुबारक त्याच्याबरोबर तीच वाट चालला होता. तो युरोपियन नव्हता एवढेच. त्याने आयुष्यात सुमारे ९६०० किलोमीटर प्रवास केला असा हिशेब मांडला जातो, आणि त्यातला बहुतेक पायी.

आता हा प्रवास चालत कसा असे? नकाशापेक्षा जमाखर्चाकडे पाहिले तर त्याची कल्पना येते. त्या भागात नाणे चालत नसे. पैशाच्या जागी तीन वस्तू होत्या : कापड, मणी आणि पितळेची तार. कापडात अमेरिकेहून येणारी जाडीभरडी कोरी 'मेरिकानी' आणि आपल्याकडच्या बाजूने जाणारी निळीत रंगवलेली 'कनिकी' हे दोन मुख्य प्रकार. मण्यांची तर मोठी पंचाईत असे. एका मुलखात लाल मणी चालत, पुढच्या मुलखात त्यांना कोणी हात लावत नसे. म्हणून कोठे कोणता रंग चालतो हे आधी ठाऊक असणारा माणूस बरोबर नसेल तर ओझीच्या ओझी फुकट जात. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, मुबारकसारख्यांच्या डोक्यात होते. हा माल उधार देणारे, हुंडी वटवणारे व्यापारी झांझिबारला होते आणि त्यांत कच्छी पुष्कळ. तेथील जकातीचा मक्ता सांभाळणारे लढा दामजी हे नाव तर जवळजवळ प्रत्येक प्रवाशाच्या वर्णनात येते.

एक हमाल साधारण तीस-बत्तीस किलोचे ओझे डोक्यावर वा खांद्यावर नेई. रोजच्या शिध्याला 'पोशो' म्हणत, आणि तो मोजून कापडाच्या वा मण्यांच्या रूपाने दिला जाई. वाटेतल्या प्रत्येक मुखियाला 'होंगो' म्हणजे वाटकर द्यावा लागे. उगोगो नावाच्या कोरड्या मुलखात हा होंगो इतका जबर असे की तांड्याचे निम्मे मन तेथेच मोडे. पाणी मुखियांच्या ताब्यात, मग देणार नाही म्हणून सांगता कोणाला? घासाघीस करायला मुबारक पुढे. रक्कम जास्त गेली तर साहेबाच्या शिव्या खायलाही मुबारकच. स्पीकने त्याला स्वतःच्या हाताने मारले आणि ते ग्रंथात लिहूनही ठेवले. स्टॅन्लेचा चाबूक तर प्रसिद्धच आहे.

हा होंगो संपला असे समजण्याचे कारण नाही. आज एखाद्या आफ्रिकी तरुणाने पाठीवर पिशवी टाकून, मोजक्या पैशांत, एकट्याने आपला खंड पाहायचा ठरवला तर मुलूख बदलला की त्याला व्हिसा आडवा येतो. युरोपच्या पासपोर्टवर जेथे सहज जाता येते, तेथे कित्येकदा शेजारच्या आफ्रिकी देशाच्या पासपोर्टला अर्ज, फी आणि प्रतीक्षा लागते. आफ्रिकी संघाने २०१६ मध्ये किगालीला सामाईक पासपोर्टचा प्रारंभ केला, २०१८ मध्ये मुक्त संचाराचा करारही स्वीकारला, पण त्याला मान्यता देणारे देश थोडेच निघाले. बेनिन, गांबिया, सेशेल्स, रवांडा यांनी सर्व आफ्रिकी नागरिकांसाठी व्हिसाची अट काढली आहे. केनिया, युगांडा आणि रवांडा यांच्या नागरिकांना एकमेकांकडे केवळ ओळखपत्रावर जाता येते. तेथील तरुण मग मटाटू, डालाडाला अशा आपल्याकडच्या वडापसारख्या गाड्यांतून दाटीवाटीने, आणि पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड खिशात सांभाळून हिंडतो. दार-ए-सलामहून टबोरामार्गे किगोम्याला जाणारी रेल्वे १९१४ साली सरोवराला पोहोचली. ती पुष्कळशी जुन्या तांड्यांच्याच वाटेने जाते, आणि किगोम्याजवळच उजिजी आहे. मुबारकला जेथे जायला महिनोन्महिने लागले तेथे आता तिकीट काढून जाता येते.

असो. आता नाशिककडे वळू. अरबी समुद्रात गस्त घालणारी इंग्रजांची जहाजे गुलामांची गलबते पकडत. सुटलेल्या मुलांपैकी कित्येकांना मुंबईत उतरवले जाई. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूर ही वसाहत स्थापली होती. तेथे या मुलांची सोय करण्यात आली. सुतारकाम, लोहारकाम असे धंदे व लिहिणे-वाचणे ती शिकली. लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबई इलाख्यात आला तेव्हा त्याने येथली नऊ मुले निवडली, आणि १८६६ च्या जानेवारीत तो मुंबईहून झांझिबारला निघाला. याच तांड्यात चुमा नावाचा तरुण होता. लिव्हिंग्स्टनने त्याला आधी आफ्रिकेतून मुंबईला आणले होते, आणि ज्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईत आहे त्या डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे तो शिकत होता. सात वर्षांनंतर त्या नऊ मुलांपैकी लिव्हिंग्स्टनजवळ दोघेच उरले, गार्डनर आणि मबरुकी. दरम्यान १८७२ मध्ये स्टॅन्लेने शरणपूरच्या आणखी काही तरुणांना त्याच्याकडे रवाना केले होते. त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे होते.

१८७३ च्या मेच्या पहिल्या दिवशी पहाटे, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन मेलेला आढळला. त्यानंतर जे घडले त्यात एकही साहेब नाही. सुसी, चुमा आणि इतरांनी आपसांत विचार करून प्रेत समुद्रापर्यंत न्यायचे ठरवले. वास्तविक तेथेच पुरून आपापल्या वाटेने निघून गेले असते तरी त्यांना कोण अडवणार होते? त्यांनी हृदय व आतडी एका झाडाखाली पुरली. जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व दिवस कोरला. शरणपूरला गिरवलेली अक्षरे अशी मध्य आफ्रिकेतल्या झाडावर उमटली! ते खोड पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेले. देहात मीठ भरून तो दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला, वरून शिडाचे कापड शिवून डांबर फासले, आणि तांडा निघाला.

टबोऱ्याला १८७३ च्या ऑक्टोबरात एक विलक्षण गाठ पडली. लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी निघालेला कॅमेरॉन तेथे मुक्कामाला होता, आणि त्याच्याबरोबर मुबारक बॉम्बे. भारतात वाढून परत गेलेले हे दोन तांडे आफ्रिकेच्या मध्यावर समोरासमोर आले. जेकबने लिहिलेली चिठ्ठी घेऊन चुमा पुढे आला होता. कॅमेरॉनने सुचवले की प्रेत येथेच पुरावे, पुढची वाट धोक्याची आहे. त्यांनी मानले नाही. पुढे लवकरच खरोखर अडचण आली, कारण आपल्या गावावरून परके प्रेत न्यायला लोक तयार नव्हते. तेव्हा या मंडळींनी काड्यांची एक मोळी प्रेतासारखी बांधली आणि ती पुरायला मागे नेत असल्याचा देखावा केला. खरे प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखे आवळून मालाच्या ओझ्यांत मिसळून दिले, आणि कोणाला संशय आला नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोहोचले. तेथे मजुरी चुकती करून बहुतेकांना निरोप देण्यात आला.

माझे आजोबा गलबतावर खलाशी होते. मालाच्या कागदावर मालकाचे व तांडेलाचे नाव असे, खलाशी मात्र 'इतके असामी' एवढ्यावर भागत. म्हणूनच बहुधा बागामोयोचा हा हिशेब वाचताना मला नावे शोधण्याचा नाद लागला. आणि नावे सापडतात, हे विशेष. जेकब प्रेताबरोबर इंग्लंडला गेला व १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी वाहणाऱ्या मानकऱ्यांत होता. त्याने वाटेत रोजनिशी ठेवली होती. बरीच वर्षे तिचे केवळ जर्मन भाषांतर छापलेले होते. २०१९ मध्ये मूळ इंग्रजी हस्तलिखित सर्वांना वाचण्यासाठी खुले झाले. म्हणजे या प्रवासाचे वर्णन नाशिकच्या एका विद्यार्थ्याच्या हातचे आज उपलब्ध आहे. आमच्या इतिहास व मराठी या दोन्ही विभागांनी ते मिळवून त्याचे भाषांतर करून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

सुसी व चुमा अंत्यविधीनंतर इंग्लंडला पोहोचले आणि लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिशीच्या संपादनाला त्यांनी आठवणींतून साह्य केले. मुबारकला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने रौप्यपदक दिले, १८७६ पासून निवृत्तिवेतनही दिले. १८८५ मध्ये तो वारला. इंग्लंड त्याने कधीच पाहिले नाही.

शरणपूरची वसाहतही फार काळ तशी राहिली नाही. मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी १८७३ मध्ये झांझिबारला जाऊन गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रयत्न केले. त्यानंतर मोंबासाजवळ फ्रियर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, आणि ती उभारायला शरणपूरचेच पाद्री प्राइस गेले. नाशिकच्या आफ्रिकी कुटुंबांपैकी पुष्कळ तिकडे गेली. तेथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. मॅथ्यू वेलिंग्टन याच लोकांत राहिला, आणि चितांबोच्या गावापासून किनाऱ्यापर्यंत चालत आलेल्या त्या तांड्याची हकीकत तो म्हातारपणी भेटायला येणाऱ्यांना सांगत असे. १९३५ मध्ये मोंबासा येथे त्याचे निधन झाले.