तबकड्या किती, पिशवी केवढी?

(द्वितीय वर्ष, कला)

गोल्फ हा शब्द कानांवर पडला की आपल्या डोळ्यांपुढे श्रीमंतांचा खेळ उभा राहतो. राखलेली हिरवळ, काठ्यांनी भरलेली लांबट पिशवी आणि ती खांद्यावर घेऊन मागून चालणारा दुसराच कुणी माणूस! प्रस्तुत लेख ज्या गोल्फविषयी आहे त्यात काठी नाही, चेंडू नाही आणि पिशवी वाहणारा माणूसही बहुधा नाही. ज्याची पिशवी त्याच्याच खांद्यावर. त्यामुळे ती केवढी असावी हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी आमच्या जिमखान्याला सहा तबकड्या भेट दिल्या, तेव्हा माझी या खेळाशी ओळख झाली. तबकड्यांबरोबर पिशवी आली नव्हती. माझे वडील पिशव्या शिवतात हे जिमखान्याच्या सरांना ठाऊक असल्यामुळे "पिशवीचे काय ते तू बघ," असे म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे सोपविले. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि घरी विचारले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. एका धातूच्या खांबाला वरून साखळ्या लोंबत असतात व त्यांच्या खाली एक टोपली असते. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकावयाची, ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकावयाची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत पोचवावयाची. अशा सामान्यतः अठरा टोपल्या पार केल्या की एक फेरी पुरी होते. तबकडीचा पल्ला मोठा असल्याने टोपल्या दूरदूर असतात. मध्ये झाडे, ओढे, चढउतार असतात. अमेरिकेतील अशी कितीतरी मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि तेथे खेळावयास पैसे पडत नाहीत. गोल्फच्या नावाखाली चाललेला हा खेळ मुळात पायी चालणाऱ्यांचा आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

कॅनडातील ब्लॅडवर्थ या लहानशा गावात शाळेच्या मुलांनी १९२६ सालीच पत्र्याची झाकणे फेकून असा खेळ मांडला होता. परंतु आजच्या रूपातील खेळाचे श्रेय एड हेड्रिक यांना दिले जाते. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांनी शोधलेली उडती तबकडी १९५७ साली व्हॅम-ओ या कंपनीने बाजारात आणली व पुढे ती फ्रिसबी या नावाने घरोघर पोचली. हेड्रिक याच कंपनीत होते. त्यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमचे मैदान आखले. तेथे आरंभी टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून वाद होत, म्हणून साखळ्यांची टोपली आली. तिचे पेटंट त्यांना १९७७ साली मिळाले. १९७६ साली त्यांनी खेळाडूंची संघटनाही स्थापन केली व तिचे सभासद क्रमांक एक ते स्वतःच झाले. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या करण्यात आल्या. याला खेळावरचे प्रेम म्हणावे की हट्ट, हे वाचकांनीच ठरवावे.

पिशवीचा प्रश्न मात्र हेड्रिक यांच्या काळात जन्माला आला नव्हता. साध्या फ्रिसबीने खेळणाऱ्या माणसास पिशवी कशाला हवी? तबकडी हातात धरली की झाले! हा प्रश्न उभा केला तो १९८३ सालच्या एका सुधारणेने. डेव्ह ड्युनिपेस यांनी तबकडीची कड जाड व बोथट न ठेवता तिला तिरकी धार दिली. वाऱ्याला कापीत जाणारी ती तबकडी पूर्वीपेक्षा पुष्कळ लांब जाऊ लागली, पण अगदी जवळच्या टोपलीत हळुवार टाकण्यास ती सोयीची नव्हती. म्हणजे लांबच्या फेकीस एक व जवळच्या फेकीस दुसरी तबकडी आली. पुढे त्यांच्या जाती पडत गेल्या. जवळून टोपलीत टाकावयाची ती पटर, मध्यम अंतराची मिडरेंज, लांबची ड्रायव्हर. ड्रायव्हरमध्येही पुन्हा कमी वेगाची आणि अधिक वेगाची. शिवाय कोणती सरळ जाते, कोणती डावीकडे वळते, कोणती उजवीकडे, हेही भेद आहेतच. आज एकेका कारखान्याची यादी पाहिली तर साडीच्या दुकानात शिरल्यासारखे वाटते.

येथे मला एक मौजेची गोष्ट आढळली. चेंडूच्या गोल्फमध्ये खेळाडूने चौदाहून अधिक काठ्या बरोबर बाळगू नयेत असा नियम आहे. तो अमेरिकेत १९३८ साली झाला. त्यापूर्वी काही खेळाडू वीसवीस, पंचवीस काठ्या घेऊन निघत व त्यांचा भार बिचाऱ्या पोरांच्या खांद्यावर पडे. डिस्क गोल्फमध्ये असा नियमच नाही! तबकडीचे वजन किती असावे याला बंधन आहे. व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम, म्हणजे २१.२ सें.मी. व्यासाच्या तबकडीस सुमारे १७६ ग्रॅम, ही कमाल मर्यादा. पण तबकड्या किती घ्याव्यात याला बंधन नाही. जे काम नियमाने करावयाचे ते येथे पिशवीवर पडले आहे. पिशवीत मावतात तेवढ्या तबकड्या, हीच मर्यादा. म्हणून पिशवी निवडणे म्हणजे आपण कोणता खेळ खेळणार आहोत हे ठरविणेच होय, असे माझे मत झाले आहे.

वडिलांना मी तबकड्या दाखविल्या, तेव्हा त्यांनी खेळाविषयी काही विचारले नाही. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या पुस्तकांतले ते सहसा काही विचारीत नाहीत. पण पिशवी हा त्यांचा विषय. ते म्हणाले, "आधी जिन्नस सांग, मग माप. आधी पिशवी शिवलीस तर ती भरेपर्यंत जिन्नस वाढतील." परदेशी पिशव्यांच्या जाहिराती मी बऱ्याच चाळल्या होत्या. त्यांत सहा ते दहा तबकड्यांची खांद्याला लावायची लहान पिशवी आणि अठरा, वीस, पंचवीस तबकड्यांचे पाठीवरचे दप्तर असे दोन ठळक प्रकार दिसतात. पण वडिलांच्या या वाक्याइतके नेमके मार्गदर्शन त्या साऱ्या जाहिरातींत मिळून नव्हते.

तेव्हा जिन्नस ठरवू. नवशिक्यास, किंबहुना हौसेने खेळणाऱ्या कोणासही, सहा तबकड्या पुरतात. दोन पटर, दोन मिडरेंज आणि कमी वेगाचे दोन ड्रायव्हर. पटर दोन कशाला, असे कोणी विचारील. प्रत्येक टोपलीपाशी शेवटी तीच लागते आणि नेमकी तीच तळ्यात गेली तर खेळच थांबतो, म्हणून. अतिवेगवान ड्रायव्हर नवशिक्याने घेऊच नये. तिला हवा तितका वेग हाताने दिला नाही तर ती लवकरच डावीकडे कोसळते (उजव्या हाताने, छातीकडून बाहेर झटकून फेकणाऱ्याची). असे झाले की माणूस हाताला दोष न देता दुसरी तबकडी विकत घेतो आणि पिशवी फुगू लागते!

तबकडीच कोन बदलून फेकली की तिची वाट बदलते. बाहेरची कड किंचित खाली झुकवून सोडली तर ती डावीकडे ओढ घेते, वर उचलून सोडली तर उजवीकडे. ज्याच्यापाशी वीस तबकड्या आहेत तो प्रत्येक वाटेसाठी वेगळी तबकडी काढतो. ज्याच्यापाशी सहा आहेत त्याला कोन शिकावाच लागतो. आणखी एक गंमत म्हणजे झाडांवर आपटून जुनी झालेली तबकडी नव्यासारखी उडत नाही. ती हळूहळू उजवीकडे झुकू लागते. म्हणून जाणते खेळाडू एकाच साच्याची एक नवी व एक जुनी बाळगतात. एकच जिन्नस, पण दोन कामे. आमच्या सहांमध्ये अशी एक जोडी आहे.

आता वजन. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर मी सहाही तबकड्या ठेवल्या. त्या १ किलो २३ ग्रॅम भरल्या. अर्धा लिटर पाणी आणि हलकी पिशवी धरली तर एकूण भार दोन किलोंच्या आसपास जातो. याउलट वीस तबकड्यांचेच साडेतीन किलो होतात. त्यांना पेलणारे मजबूत दप्तर व लिटरभर पाणी जमेस धरले की सहा किलोंना टेकतो. पाठीवर सहा किलो घेऊन चालणे तरुण माणसाला जड नाही, हे खरे. शेतातून गवताचा भारा आणणारी माणसे हे वाचून हसतील. परंतु खरा मुद्दा चालण्याचा नाही, उचलण्याचा आहे. प्रत्येक फेकीपूर्वी पिशवी खाली ठेवावी लागते व फेकीनंतर पुन्हा उचलावी लागते. नवशिक्यास एका टोपलीस सरासरी चार फेकी लागल्या, तरी अठरा टोपल्यांच्या बहात्तर होतात. म्हणजे एका फेरीत पिशवी बहात्तर वेळा वाकून ठेवावयाची आणि बहात्तर वेळा वाकून उचलावयाची! जोर-बैठकांचा हिशेब ठेवणाऱ्यांना याचा अर्थ समजेल.

म्हणूनच लहान पिशवी निवडताना वजनाच्या खालोखाल मी दोन गोष्टी पाहीन. एक म्हणजे ती जमिनीवर टेकली की आपोआप उभी राहावी. मऊ कापडाची पिशवी आडवी पडते, तोंड मिटते आणि मग दर वेळी गुडघे टेकून तबकडी शोधावी लागते. आपल्याकडच्या शबनम पिशवीत सहा तबकड्या सहज मावतील, पण शबनम उभी राहत नाही आणि तिचा एकच लांब बंद वाकताना खांद्यावरून पुढे घसरतो. दुसरी गोष्ट तबकड्या कशा राहतात ही. काही पिशव्यांत त्या भाकऱ्यांच्या चळतीसारख्या एकावर एक पडतात. तळची हवी असेल तर सारी चळत उपसावी लागते. त्या कपाटातील पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या राहाव्यात, म्हणजे वरून सर्वांच्या कडा दिसतात आणि हवी ती दोन बोटांनी उचलता येते. रंग निरनिराळे असतील तर नाव वाचण्याचीही गरज नाही.

पट्टा एक असावा की दोन, यावर मतभेद आहेत. दोन किलोंपर्यंत एकच रुंद पट्टा, गळ्यातून तिरका घातलेला, मला सोयीचा वाटतो; एका हालचालीत काढता येतो. त्याहून अधिक वजन असेल तर एकाच खांद्यावर ते घेऊ नये, दोन पट्ट्यांची पिशवीच बरी. पट्टा जेथे पिशवीस जोडलेला असतो तो सांधा मात्र विकत घेण्यापूर्वी उलटून पाहावा. वडील सांगतात की पिशवी कापडातून फाटत नाही, सांध्यात उसवते. तेथे चौकोनी शिलाई व तीत फुली मारलेली असेल तर ती टिकते. नुसती एक उभी शिलाई असेल तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी ती टिकत नाही. तळ गवतातल्या दवाने भिजतो, म्हणून तेवढा भाग रेक्झिनचा किंवा रबरी कापडाचा हवा. बाकीची पिशवी तशी असू नये, कारण ओल्या तबकड्या आत ठेवल्या की कोंदट वास येतो.

मोठ्या पिशवीचा पक्ष अगदीच लंगडा आहे असे नाही. स्पर्धेतील खेळाडूंना एकाच दिवशी वाऱ्याचे उघडे मैदान आणि दाट झाडी दोन्हींना तोंड द्यावे लागते. एका फेकीच्या फरकाने बक्षीस जाते. हरवलेल्या तबकडीची हुबेहूब जोडीदार त्यांना हाताशी हवीच असते. त्यांनी वीस काय, पंचवीस बाळगाव्यात. कित्येकजण तर चाकांच्या गाड्यांवरून ओढत नेतात. पण त्यांचे पाहून उद्यानात रविवारी खेळणाऱ्याने तेवढी पिशवी घेणे म्हणजे तालुक्याला जाण्यासाठी वळकटी बांधण्यासारखे आहे.

एक सावधगिरी सांगावीशी वाटते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात विद्यार्थी अल्टिमेट नावाचा तबकडीचा सांघिक खेळ खेळतात. ती तबकडी १७५ ग्रॅमचीच असते, पण तिचा व्यास २७ सेंटिमीटरांच्या घरात असतो. गोल्फची तबकडी एकवीस सेंटिमीटरांची. वजन सारखे म्हणून पिशवीही सारखी असे समजू नये. गोल्फच्या पिशवीत अल्टिमेटची तबकडी शिरतच नाही.

आम्ही जी पिशवी शिवली तिचे माप इच्छुकांसाठी देत आहे. आतली रुंदी २३ सें.मी., म्हणजे तबकडीच्या दोन्ही बाजूंस बोट शिरेल इतकी मोकळीक. एका तबकडीची जाडी दीड ते दोन सें.मी. धरून तोंडाची लांबी १४ सें.मी. ठेवली. खोली १८ सें.मी., त्यामुळे कडा वर डोकावतात, वरून झाकण. कापड जाड कॅनव्हासचे, तळाला रेक्झिन आणि त्याच्या आत उभे राहण्यासाठी पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकच्या जुन्या डब्याचा कापलेला तुकडा, कारण पुठ्ठा दवाने विरघळतो. पुढे एक उथळ खिसा, त्यात हाताशी लागणारा पटर. लहान खिशात पेन्सिल, गुणपत्रक आणि जागेची खूण करण्याची छोटी चकती. हात व तबकडी पुसण्याचे फडके बाहेर कडीला अडकविलेले, आत नव्हे. पाण्याच्या बाटलीचा खिसा आधी मी पटरच्याच बाजूस सांगितला होता. वडिलांनी खडूची रेघ पुसून तो मागे, पाठीकडच्या बाजूस घेतला. दोन्ही वजने एकाच बाजूस आली तर पिशवी तोंडावर पडते, असे त्यांचे म्हणणे. आता ती जिमखान्याच्या खिडकीत आहे. सरांकडे नोंद करून कोणालाही नेता येईल.