तापवायचं ते गॅसवर, फिरवायचं ते पेटीवर

म्हसळा,
20 मे

चि. मुक्तास,


तू पाठवलेल्या यादीचा फोटो मिळाला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर सांगितलेले आकडे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून कागद घेऊन बसलो आहे. हे पत्र स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेव.

पावसाळ्यात लाइट गेली तरी पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरीची पेटी, घ्यायचं तू ठरवलंस, हे चांगलं केलंस. जनरेटरचा धूर नको, आवाज नको. पण त्यापुढे तू यादी केली आहेस: मिक्सर, फ्रिज, केटल, इंडक्शन शेगडी, राइस कुकर, मायक्रोवेव्ह. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, वायरीबद्दल एक ओळ. त्या ओळीबद्दल शेवटी लिहितो. ती वाचल्यापासून मला चैन नाही.

आधी पेटीत काय आहे ते समजून घे. तू पाहिलेली पेटी 1000 वॅट-अवरची आहे. हजार हा आकडा मोठा वाटतो. पण हजार वॅट-अवर म्हणजे विजेच्या बिलावरचा एक युनिट. बारा-तेरा किलोची एवढी महागडी वस्तू तू घरी आणशील, तेव्हा तिच्यात वीज असेल ती एका युनिटची. बॅटरीतल्या विजेचे 230 व्होल्ट करताना इन्व्हर्टर थोडी खातो, म्हणून हाताशी साडेआठशेच धर. दुसरा आकडा नुसत्या वॅटचा. पेटी एका वेळी किती भार ओढू शकते, ते तो सांगतो. विहिरीत पाणी किती हा एक प्रश्न आणि एका खेपेला केवढी घागर वर येते हा दुसरा. दुकानदार दोन्ही आकडे एका दमात सांगतो आणि गिऱ्हाइकाचा घोळ होतो.

आता यादी घेऊ. केटलपासून सुरुवात करतो, कारण ती दिसायला सर्वांत गरीब आहे. एक लिटर साधं पाणी उकळीला आणायला शंभराच्या आसपास वॅट-अवर लागतात. यात कंपनीची हुशारी चालत नाही, पाण्याला तेवढी उष्णता द्यावीच लागते. म्हणजे आठ-नऊ लिटर पाणी उकळलं की पेटी रिकामी. सकाळचा चहा आणि दोघा-तिघांचं गरम पाणी झालं की संपलं. शिवाय तुझी केटल 1500 वॅटची आणि पेटी 1000 वॅटची, त्यामुळे बटण दाबताच पेटी ओव्हरलोड दाखवून बंद पडेल.

इंडक्शनचंही तेच. तू म्हणशील, मामा, मी ती 300 वर ठेवीन. बऱ्याच शेगड्या खालच्या आकड्यावर कमी वीज घेत नाहीत. त्या थोडा वेळ जोरात चालतात, थोडा वेळ थांबतात आणि सरासरी 300 ची पडते. पेटीला सरासरी कळत नाही, तिला तो जोराचा झटका दिसतो. मायक्रोवेव्हवर 800 लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारं, भिंतीतून तो बाराशेच्या वर ओढतो. त्याच्या मागच्या पट्टीवरचा इनपुटचा आकडा वाच. राइस कुकर चालेल, पण एका भातात पेटीचा तिसरा हिस्सा जाईल.

आणि हे सगळं कशासाठी? तुझ्या ओट्याखाली सिलिंडर आहे. घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट उष्णता भरलेली असते. शेगडीवर काही वाया जाते हे धरलं तरी शंभराहून जास्त युनिट भांड्यात उतरतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये तुझ्या शंभर पेट्या आहेत. पाहुण्यांसाठी वापरतेस तो 19 किलोचा तर आणखी मोठा. असं असताना पेटीवर पाणी तापवणं म्हणजे अत्तराने अंगण सारवणं. म्हणून एकच नियम कर: तापवायचं ते गॅसवर, फिरवायचं ते पेटीवर.

फिरवण्याच्या कामाला मात्र विजेसारखं काही नाही. निसर्ग वादळानंतर आपल्याकडे कित्येक आठवडे अंधार होता, तेव्हा ताईने माळ्यावरचा पाटा उतरवला होता. सोलकढीला नारळाचं दूध काढायचं, माशाच्या आमटीचं वाटण करायचं, सगळं त्या पाट्यावर. आठ माणसांचं वाटण झालं की तिचे खांदे भरून यायचे. तेच काम मिक्सर सहा मिनिटांत करतो. 750 वॅटचा मिक्सर सहा मिनिटं चालला की 75 वॅट-अवर गेले, म्हणजे पाऊण लिटर पाणी उकळण्याएवढे. आणि तेवढ्यात एका बाईचे खांदे वाचले.

मिक्सरची एक खोड आहे. मोटर सुरू होताना ती काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. घरच्या लाइनवर ते जाणवत नाही, पेटीला जाणवतं. म्हणून भांडं गच्च भरू नकोस. खोबरं अर्ध्या भांड्यापर्यंतच घाल, आधी थोडं पाणी घाल आणि पहिल्यांदा एकच्या आकड्यावर सुरू कर. एकदा पातं मोकळं फिरलं की वाढव. तुकडे मोठे आणि कोरडे असतील तर पातं अडकतं, मोटर गुरगुरते आणि पेटी बंद होते. त्यात पेटीचा दोष नसतो. आणि मिक्सर सुरू करताना फ्रिजची पिन काढून ठेव. दोन मोटरी एकदम उठल्या तर बिचारी पेटी काय करील?

फ्रिजचा हिशोब तुझ्या फ्रिजवरच चिकटवलेला आहे. ताऱ्यांच्या त्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांना 365 ने भाग. 200 युनिट असतील तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडे जास्त. म्हणजे फ्रिज एकटाच अर्ध्याहून अधिक पेटी पितो. त्यात आणखी एक गळती आहे. पेटीचं एसीचं बटण चालू राहिलं की काही जोडलेलं नसलं तरी आतला इन्व्हर्टर दहा-पंधरा वॅट खात बसतो. चोवीस तासांत ते तीनशेच्या घरात जातं. म्हणून फ्रिज दिवसभर पेटीवर ठेवायचा नाही. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास थंडी धरून ठेवतो. हवामान खात्याचा इशारा आला की फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेव. लाइट गेल्यावर तीन तास दार बंद, मग दोन तास पेटीवर, पुन्हा बंद, असं चालव. काम झालं की एसीचं बटण आठवणीने बंद कर. आणि लाइट लांबणार असं दिसलं तर सुरमई जपत बसू नकोस, त्याच दिवशी तळून वाढ. पाहुण्याच्या पोटाशी काटकसर करू नये.

खरेदी करताना चार गोष्टी बघ. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. प्युअर साइन वेव्ह, नाहीतर मोटरी तापतात आणि गुणगुणतात. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ती टिकतेही जास्त आणि तापतेही कमी. आणि सततचे वॅट, कारण ठळक अक्षरात लिहिलेले बहुतेक वेळा क्षणभराचे असतात. न्यू जर्सीचा दादा दिवाळीत येताना तिकडची घेऊन येतो म्हणाला, असं तू लिहिलंस. त्याला नको म्हणून कळव. तिकडची पेटी 120 व्होल्ट देते, तुझा मिक्सर तिच्यावर नीट फिरणार नाही. शिवाय 160 वॅट-अवरहून मोठी बॅटरी प्रवाशाला विमानात नेऊच देत नाहीत. बिचाऱ्याची विमानतळावरच अडवणूक होईल.

पेटी मोरीजवळ किंवा जमिनीवर ठेवू नकोस. पत्र्याखालच्या माळ्यावर तर नकोच, तिथे मे महिन्यात बॅटरी शिजेल. ओट्यापासून दूर, लाकडी स्टुलावर, हवा खेळेल अशी ठेव. जूनपासून भरलेली असू दे. पावसाळा संपला की निम्म्यावर आणून ठेव आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तेवढी भर. सोलर पॅनेलवर आषाढात भिस्त ठेवू नकोस, आपल्याकडे तेव्हा दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. आणि एक लक्षात असू दे, गळती झाली की वीज तोडणारा घराच्या बोर्डातला ईएलसीबी या पेटीवर जोडलेल्या वस्तूंची राखण करत नाही. ओले हात पुसून, पायात चप्पल घालूनच मिक्सरला हात लाव.

आता ती शेवटची ओळ. 'वायरिंगवाला म्हणतो, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून देतो, पेटीतून भिंतीच्या सॉकेटमध्ये घातली की अख्खं घर चालेल.'

3 जून 2020 ला निसर्ग आपल्या किनाऱ्यावर आलं तेव्हा विजेच्या खात्यातल्या माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, पोल मोडून वाटेत पडले होते. बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले होते. शाळेत झोपायचे, मिळेल ते खायचे आणि पहाटे पुन्हा पोलावर. एका संध्याकाळी फीडर बंद होता, परमिट हातात होतं आणि माझा जोडीदार वर चढला. त्याने तारेला हात लावला आणि झटक्याने मागे फेकला गेला. कमरेचा पट्टा होता म्हणून लटकून राहिला, वाचला. मागच्या आळीत कुणीतरी जनरेटर लावला होता, अशाच दोन पिनांच्या वायरीने. मेन स्विच पाडायचा राहून गेला होता. त्या घरचं नाव मी आजवर कुणाला सांगितलं नाही. ती माणसं वाईट नव्हती, त्यांना फक्त पंखा हवा होता.

वीज कुठून आली हे तारेला कळत नाही, मुक्ता. भिंतीच्या सॉकेटमध्ये मागून घातलेली वीज मीटरमधून बाहेर पडते, पोलावर जाते. डीपी, म्हणजे तिथला ट्रान्सफॉर्मर, उलटीही चालते, आणि 230 व्होल्ट मागून शिरले तर पलीकडे हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. तुझी पेटी छोटी आहे, बहुतेक वेळा ती आधीच बंद पडेल. पण 'बहुतेक वेळा' या शब्दांवर मी कुणाला पोलावर चढू देणार नाही. शिवाय त्या वायरीची एक पिन सॉकेटबाहेर राहिली तर तिच्या उघड्या पितळेत वीज असते, आणि तुझ्याकडे पाहुण्यांची लहान मुलं येतात. आणि मेन चालू असताना लाइट परत आली तर पेटी जळेल ती वेगळीच. अख्खं घर चालवायचं असेल तर चेंजओव्हर स्विच असतो. तो परवानाधारक माणसाकडून बसवून घे. नाहीतर जी वस्तू चालवायची तिची पिन थेट पेटीत घाल. तुझ्या स्वयंपाकघराला तेवढं पुरेसं आहे.

ताईला नमस्कार सांग. पाटा पुन्हा माळ्यावर टाकू नका म्हणावं, पेटी आली तरी तो खालीच असू दे. आणि ती दोन पिनांची वायर वायरिंगवाल्याने करून दिलीच असेल, तर हे पत्र खाली ठेव, पक्कड घे, वायरीचे मधोमध दोन तुकडे कर आणि मला फोन कर.

तुझा,
मामा