कोरल मिटलं की आधी काय बघायचं

लेकरा, कोरलनं तोंड मिटलं की तू पहिल्यांदा बाटली उघडतोस. आयोडिन घाल, अमिनो घाल, दुकानदारानं फोनवर सांगितलं ते घाल. आधी ते बंद कर. कारण कळायच्या आत औषध ओतलं की पाण्यात आणखी एक गोष्ट बदलते, आणि मूळ दुखणं कशानं लागलं ते मग कुणाच्या बापाला सापडत नाही. मी उभं आयुष्य मुंबईत लोकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळल्या. आता नारायणगडाच्या पायथ्याला घर धरून बसलोय. पण मुंबईचं शहाणपण आपल्या बीडला जसंच्या तसं चालत नाही, हे डोक्यात ठेवूनच पुढचं ऐक.

फरक हवेचा आहे. मुंबईची हवा ओली. तिथं टाकीवर पंखा लावला तरी पाणी फारसं गार होत नाही, चिलर घ्यावाच लागतो. आपल्याकडं मार्च-एप्रिलात हवा इतकी कोरडी की पाण्याच्या तोंडावर साधा छोटा पंखा सोडला तरी दोन-तीन अंश सहज उतरतात. स्वस्तातला चिलरच म्हण. पण हाच पंखा पाणी पितो. तुझी 200 लिटरची टाकी समज, पंखा चालू असताना दिवसाला सहा लिटर पाणी उडालं आणि तू तीन दिवस लग्नाला गेलास. 18 लिटर गेलं ते नुसतं पाणी, मीठ सगळं टाकीतच राहिलं. 35 ची क्षारता 38 च्या वर गेली. परत येऊन बघतोस तर झोआ कोरलं मिटलेली, लेदर कोरल आडवं पडलेलं, आणि तू मला विचारतोस, काका, रोग कुठला? रोग नाही, मीठ चढलंय.

उडालेलं पाणी भरताना गोडं पाणीच भरायचं, खारं नाही. रोज सकाळी भरायचं, आठवड्याचं एकदम नाही. फ्लोट लावलेली ऑटो टॉप-अपची टाकी बसवलीस तर उत्तम. क्षारता फार चढली असेल तर उतरवायलाही दोन-तीन दिवस घे. दिवसाला एक-दोन अंकांपेक्षा जास्त हलवू नकोस. आणि तो काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर फेकून दे. त्याच्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला की तो खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर घे, आणि तो 35 च्या तयार द्रावणावर लावून घे, नुसत्या आरओच्या पाण्यावर नको.

आरओवरून आठवलं. तुझ्या स्वयंपाकघरातलं यंत्र पिण्यासाठी आहे, टाकीसाठी नाही. त्यात चव यावी म्हणून गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा नळ किंवा मिनरलची नळी असते. म्हणून टीडीएस 60-80 दाखवतो आणि आपल्याला वाटतं पाणी चांगलं. माणसाला चांगलंच आहे. कोरलच्या टाकीला तो आकडा शून्य लागतो, आणि त्यासाठी आरओच्या पुढं उरलेले क्षार ओढून घेणारी डीआयची नळी लागते. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात शेतातलं खत मुरलेलं. टँकर आला तर त्यात ब्लीचिंग पावडर किती टाकलीय याचा भरवसा नाही. जारच्या पाण्याचं तर विचारूच नकोस. ते पाणी वरून भरत राहिलास की नायट्रेट महिन्या-महिन्यानं चढतं आणि काचेवर तपकिरी साय धरते. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला घे, म्हणजे तुझ्या आईची कटकट तरी थांबेल.

आता एक गोष्ट, जी मुंबईच्या कुठल्याच गिऱ्हाइकाला मला सांगावी लागली नव्हती. सुट्टीच्या दिवशी तू शेतावर जातोस, कपाशीवर फवारणी करतोस किंवा नुसता पंप धुतोस, संध्याकाळी घरी येऊन टाकीत हात घालतोस. हात साबणानं धुतले तरी नखांत, कोपरापर्यंतच्या केसांत औषध राहतंच. कीटकनाशक किड्याच्या मज्जातंतूंवर चालतं, आणि झिंगा, खेकडा ही किड्यांचीच भावकी. म्हणून टाकीत झिंगे आधी मरतात. कोरल मागाहून मिटतं, मासे वरून धडधाकट दिसतात. झिंगा मेलेला आणि मासे ठणठणीत असं चित्र दिसलं की क्षारता मोजायच्या आधी आठव, काल कुणी काय फवारलं. त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही, घालायचाच झाला तर लांब बाह्यांचे रबरी हातमोजे. घरात मच्छराची कॉइल, झुरळाचा फवारा, गुरुवारचा धूप हे सगळं एअर पंप ओढून पाण्यात नेतो. पंप त्या खोलीत ठेवूच नकोस. चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन घरात कायम असू दे. असा संशय आला की तो घाल आणि एकपंचमांश पाणी बदल. ही एक घाई मी मान्य करतो.

तांब्याचंही तसंच. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मिळणाऱ्या औषधात बहुतेक वेळा तांबं असतं. ते वेगळ्या बादलीत, कोरलच्या टाकीत कधीच नाही. पितळी नळ, तांब्याचा चंबू, जुनं नाणं, कुणी नवस म्हणून टाकलेलं का असेना, बाहेर काढ.

पांढरं पडणं दोन तऱ्हेचं असतं, आणि तू दोन्ही एकच समजतोस. भिंग घेऊन बघ. वरचं मांस जागेवर आहे, पॉलिप दिसतात, पण रंग गेलाय, तर ते ब्लीचिंग. कोरलच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्यानं बाहेर टाकलंय. त्याचं बहुतेक अन्न त्या शेवाळाकडून येतं, म्हणजे ते उपाशी आहे, मेलेलं नाही. तापमान 26 वर आण, दिवा कमी कर, आठवड्यातून दोनदा बारीक खाद्य दे, आणि वाट बघ. महिने लागतील. समुद्रातही हेच चालतं. 1998 मध्ये, 2010 मध्ये, 2014 ते 2017 या काळात जगभरची कोरलं अशीच पांढरी पडली, आणि एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक लाट जाहीर केली. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर तापून चार-पाच आठवडे तसंच राहिलं तरी पुरतं. दुसरी तऱ्हा म्हणजे मांसच बुडाकडून सुटत वर चढतं आणि खाली कोरा सांगाडा उरतो. तिथं वाट बघायची नाही. मांस सुटलंय त्याच्या थोडं वरून, निरोगी भागात तोडायचं, तो तुकडा वेगळा लावायचा, आणि केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचा आकडा, मोजायचं. असं सहसा केएच एकदम वर-खाली झाल्यावर होतं.

केएच 8 ते 9 च्या दरम्यान स्थिर ठेव. स्थिर हा शब्द आकड्यापेक्षा मोठा. उतरलं तर घरातला खायचा सोडा पुरतो, बेकिंग पावडर नव्हे: 100 लिटरला तीन ग्रॅम घातला की साधारण एक अंश चढतो. आरओच्या पाण्यात विरघळवून, धारेच्या जागी हळूहळू, दिवसाला एका अंशाच्या वर नाही. कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास. मॅग्नेशियम कमी असलं तर बाकीचे दोन आकडे कितीही ओढ, जागेवर राहत नाहीत. नायट्रेट शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नकोस, पाच-दहा असू दे; अगदी कोऱ्या पाण्यात डायनो नावाचे बुळबुळीत तपकिरी सूक्ष्मजीव येतात आणि ते हाकलणं महाकठीण.

लेदर आठवडाभर मिटून मेणासारखं चकाकलं तर त्याला हात लावू नकोस. ते कात टाकतंय. प्रवाह थोडा वाढव, पापुद्रा सुटला की पुन्हा उमलतं.

लोडशेडिंगचं गणित सोपं आहे. कोरलला तीन दिवस उजेड नसला तरी चालतं, हलतं पाणी मात्र तासातासाला लागतं. इन्व्हर्टरवर दिवा नको, प्रवाहाचा पंप लाव. बॅटरीचा एअर पंप जवळ असू दे. दुपारी तीनला टाकीतल्या पाण्याचा पारा 30 च्या वर गेला तर आरओचं पाणी भरून गोठवलेली बंद बाटली तरंगत सोड. एकच. बर्फ थेट नको.

झोआ असलेला दगड घासायचा असेल तर डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे, आणि टाकीबाहेर कोरडा घासायचा नाही. गरम पाण्यात उकळायचा तर अजिबात नाही. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, त्याच्या वाफेनं घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. हे भीती घालायला सांगत नाही, पण इथं चेष्टा नको.

आणि दगडी कोरल कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नकोस. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ही दगडी कोरलं आणि समुद्रपंखे 2001 पासून आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरची चिमुकली कोरलं 2020 मध्ये हलवायची होती, तर महापालिकेलाही आधी परवानगी काढावी लागली, आणि काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केलं. मालवणला फिरायला गेलास, तिथला समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे, तर तळाशी दिसणारं तळाशीच राहू दे. पिशवीत भरून घाट चढवलेलं बीडला पोचेपर्यंत जगतही नाही. मश्रूम, लेदर, झोआ एवढ्यावर टाकी सुंदर होते. बिल मागून घे, जपून ठेव.

मला फोन करायच्या आधी एवढं लिहून काढ: पहाटे पाचचं आणि दुपारी तीनचं तापमान, क्षारता, केएच, नायट्रेट, गेल्या पंधरवड्यात टाकीत नवीन काय आलं, आणि घरात काय फवारलं. फोटो पांढऱ्या उजेडात काढ, तुझ्या निळ्या दिव्याखाली मेलेलं कोरलही नवरीसारखं दिसतं. एकादशीला फोन करू नकोस. त्या दिवशी मी गडावर असतो आणि टाळ-मृदंगात तुझं केएच मला ऐकू येत नाही.