संन्याशाला फाशी

गॅरेजमध्ये हल्ली एक वाक्य सारखं कानावर पडतं: “साहेब, सेन्सर गेलाय.” गाडी गचके खाते, ॲव्हरेज पडलंय, सकाळी स्टार्टर जास्त मारावा लागतो, तक्रार कोणतीही असो, स्कॅनर लावला जातो, पडद्यावर एक कोड उमटतो, कोडापुढे एखाद्या सेन्सरचं नाव निघतं आणि तेच नाव बिलावर चढतं. कधी कधी निदान बरोबरही असतं. पण पुष्कळदा चोर सुटतो, संन्याशाला फाशी होते आणि खर्च गाडीमालकाच्या माथी बसतो. माझ्या पेट्रोल गाडीचं हेच झालं. त्या निमित्ताने जे कळलं, ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून मांडतो.

गाडीचं ॲव्हरेज काही आठवड्यांपासून घसरत होतं. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन थरथरायचं, मागून पेट्रोलचा वास यायचा. एकदा पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाट चढून वर आलो आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनरवर कोड आला पी०१७१. अर्थ असा की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. “ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल,” असं सांगण्यात आलं. सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा विझला, मी पैसे दिले. थोड्याच दिवसांत तोच दिवा, तोच कोड. आता इनटेक मॅनिफोल्डवरचा, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर ‘करून बघू’ असं ठरू लागलं, आणि त्यानेही नाही भागलं तर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच. ईसीएमचं नाव निघाल्यावर मी किल्ली परत घेतली आणि एका जुन्या, अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

त्यांनी स्कॅनरला हात लावण्याआधी स्पार्क प्लग काढला आणि माझ्यासमोर धरला. टोकाला कोरडी, काळी काजळी बसली होती.

“कोड काय म्हणतोय, साहेब?”

“पेट्रोल कमी पडतंय.”

“मग ही काजळी कशाची? ही तर पेट्रोल जास्त झाल्याची आहे. दोघांतला एक खोटं बोलतोय. गाडी रात्रभर इथेच ठेवा, सकाळी थंड इंजिनावर बघू.”

सकाळी त्यांनी मला बोनेटपाशी उभं केलं आणि स्टार्टर मारला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथून बारीक टिकटिक ऐकू येत होती. त्यांच्या हाताखालच्या पोराने सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर ओला फडका धरला, तशी ती टिकटिक वाढली. सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडलं तर एका जागी फेस बुडबुडला. इंजिन तापून लोखंड प्रसरण पावलं, तसा आवाज जवळजवळ बंद झाला. म्हणजे दिवसा गॅरेजमध्ये गरम गाडी घेऊन गेल्यावर तो कुणाच्या कानावर पडणं कठीणच.

त्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं होतं. ते काय करत होतं, तेही त्यांनी समजावलं. एक्झॉस्टमधला धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते. तो ईसीएमला कळवतो, धुरात ऑक्सिजन फार आहे, पेट्रोल वाढवा. ईसीएम पेट्रोल वाढवतो, फट मात्र हवा ओढतच राहते. पेट्रोल वाढत जातं, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज पडतं, आणि वाढवण्याची हद्द संपली की दिवा लागतो. सेन्सर जे बघत होता तेच सांगत होता. नव्यानेही तेच सांगितलं. शेवटी गॅस्केट बदललं, मॅनिफोल्डचे नट नीट आवळले आणि खात्रीसाठी जुना सेन्सर परत बसवून पाहिला. तो ठणठणीत होता. गॅस्केटचे काहीशे रुपये, सेन्सरचे काही हजार. हा फरक निदानाचा होता.

कोड नेमकं काय सांगतो

गाडीतला कोड ही तक्रार असते, निकाल नव्हे. कोड वाचायचं १६ पिनांचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ते सक्तीचं आहे. आपल्याकडेही आता सगळ्या नव्या गाड्यांत असतं. कोडांची पद्धतही समान आहे. पहिलं अक्षर ‘पी’ असेल तर बाब इंजिन-गिअरबॉक्सची. त्यानंतर शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना सामाईक, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पुढचे आकडे मात्र फक्त इतकंच सांगतात की अमुक ठिकाणचं मोजमाप अपेक्षेबाहेर आहे. ते मोजणारा बिघडला, त्याची वायर तुटली की खरंच तिथे काही चुकतंय, हे शोधणं माणसाचं काम.

मोबाइलला जोडायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो. तो घ्यावा, दुरुस्ती स्वतः करायची म्हणून नव्हे, समोरचा काय म्हणतोय ते पडताळता यावं म्हणून.

पहिला नियम: कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. कोड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, तापमान किती होतं, गाडी किती वेगात होती, याची नोंद ईसीएम ठेवतो. त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. दोष थंड इंजिनावर आला की घाटात, हे त्यातून समजतं. कोड पुसला किंवा बॅटरीची तार काढली की ती नोंदही जाते. आणि दिवा विझला म्हणजे दोष गेला असं समजू नका. बऱ्याच दोषांचा दिवा एकाच फेरीत परत लागत नाही.

आकडे बोलतात

कोडापेक्षा जास्त सांगतात ते चालू इंजिनाचे आकडे. काही आकडे कुणालाही तपासता येतात.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची सकाळी फक्त चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही बाहेरच्या हवेएवढीच दिसायला हवीत. दोन-चार अंशांचा फरक चालतो. डिसेंबरच्या थंडीत एक सेन्सर १६ आणि दुसरा ४५ दाखवत असेल, तर संशय कुणावर घ्यायचा ते उघड आहे.

त्याच वेळी मॅप सेन्सरही बघा. इंजिन बंद असताना तो हवेचा दाब दाखवतो, आणि दाब गावाच्या उंचीवर ठरतो. मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. पुण्यातल्या गाडीत ७५ दिसले तर तो सेन्सर किंवा त्याची वायर तपासायलाच हवी. माझ्या गाडीत जो मॅप सेन्सर ‘करून बघायचा’ होता, तो बरोबर आकडा दाखवत होता, हे मिनिटभरात कळलं असतं.

पेट्रोल गाडीचा पहिला ऑक्सिजन सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर गरम इंजिनावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली होतो. एकाच जागी अडकला असेल तर ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडा. दाबताना आकडा वर, सोडल्यावर खाली गेला, तर सेन्सर जिवंत आहे. त्याच्या जोडीने ‘फ्युएल ट्रिम’ वाचा. ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय, तो हा आकडा. दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असेल तर ठीक. आयडलिंगला पंचवीस आणि रेझ दिल्यावर पाच, असं असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. उलट, चढावर जोर लावताना आकडा वाढत असेल तर पेट्रोल पंप किंवा फिल्टर बघा. सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर ट्रिम दोन्ही इंधनांवर वेगवेगळा वाचा. पेट्रोलवर गाडी नीट आणि गॅसवरच दिवा लागत असेल, तर सेन्सरला हात लावण्याआधी किटचं ट्युनिंग करून घ्या.

वायर, कपलर आणि उंदीर

आपल्याकडे सेन्सरपेक्षा वायरच जास्त मार खातात, असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात उबेला उंदीर बोनेटखाली येतात आणि वायरचं प्लास्टिक कुरतडतात. गणपतीच्या वाहनाने आपलं वाहन खाल्लं तर बोलायचं कुणाला? दसऱ्याला हौसेने प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं की कपलरमध्ये पाणी शिरतं, आणि सीमोल्लंघन राहतं बाजूला.

सासऱ्यांच्या गाडीचा रेडिएटर फॅन थंड इंजिनावरही थांबेना. स्कॅनरवर कूलंटचं तापमान दिसलं उणे ४०. साताऱ्यात उणे ४० कुठून येणार? या सेन्सरचा रोध गरम झाल्यावर कमी होतो. वायर तुटली की रोध अनंत, आणि बहुतेक ईसीएम त्याचा अर्थ लावतात कडाक्याची थंडी. खात्री नसल्याने मग ते फॅन चालूच ठेवतात. त्या सेन्सरचा दोन वायरींचा कपलर काढून त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या, तर आकडा वर टोकाला जायला हवा. गेला तर वायरिंग चांगलं, सेन्सर खराब. इथे आकडा हललाच नाही. वायर हाताने चाचपत गेलो, तर बॅटरीच्या ट्रेमागे ती कुरतडलेली सापडली. जोडून, सोल्डर करून, त्यावर स्लीव्ह चढवली आणि फॅन शहाण्यासारखा वागू लागला. एक खबरदारी मात्र घ्या: ही तार जोडायची युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरतीच. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये एक वायर ५ व्होल्टची असते, तिथे हा प्रयोग अजिबात करू नका.

तीन वायरी म्हणजे ५ व्होल्ट, अर्थिंग आणि सिग्नल. सेन्सरला दोषी ठरवण्याआधी मल्टिमीटरने पहिल्या दोन बघून घ्याव्यात. ५ व्होल्ट पोचत नसतील तर नवा सेन्सर काय करणार? एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर सगळे एकाच दिवशी मेले असं मानू नका. पुष्कळ गाड्यांत ती ५ व्होल्टची लाइन सामाईक असते आणि शॉर्ट झालेला एकच सेन्सर सगळ्यांना खाली ओढतो. एकेक कपलर काढत जावं; ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. बॅटरी आणि बॉडीची अर्थिंग तर सगळ्यात आधी. स्टार्टर मारताना बॅटरी १० व्होल्टच्या बरीच खाली जात असेल, तर ईसीएम काहीबाही कोड नोंदवतो.

सेन्सर खरंच जातो तेव्हा

सेन्सर अमर नसतात. इंजिनाचे फेरे मोजणारा क्रँक सेन्सर हे नेहमीचं उदाहरण. गाडी तापली की चालता चालता बंद पडते, अर्धा तास उभी केली की काहीच झालं नाही अशी सुरू होते. अशी बंद पडलेली असताना स्टार्टर मारून स्कॅनरवर फेऱ्यांचा आकडा बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर वायर तपासून तो सेन्सर बदलावाच. असा सेन्सर ओरिजिनलच घ्या; डुप्लिकेट मालाने नवीन दोष विकत मिळतो. आणि पिवळा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर गाडी मिसिंग मारतेय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. हजारांचं काम लाखाकडे जाऊ शकतं.

गॅरेजमध्ये गेल्यावर “सेन्सर बदला” म्हणू नका, लक्षणं सांगा: केव्हा, किती गरम असताना, कोणत्या इंधनावर. “सेन्सर गेलाय” असं उत्तर आलं तर विचारा, “कशावरून?” कोड हे त्याचं उत्तर नव्हे, आकडा, मोजलेला व्होल्टेज किंवा डोळ्यांनी दिसणारी तुटलेली वायर हे उत्तर. बदललेला जुना भाग मागून घ्या.

शेवटची गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपण पार्टचे पैसे निमूट देतो आणि तासभर डोकं घालून दोष शोधणाऱ्याला विचारतो, “नुसतं बघायचे कसले पैसे?” मग तो पार्टच विकणार. त्या इलेक्ट्रिशियननी गॅस्केटच्या किमतीहून जास्त पैसे तपासणीचे लावले आणि मी ते आनंदाने दिले. आता कुठल्याही गॅरेजमध्ये गाडी लावताना आधीच सांगून टाकतो: तपासणीचे पैसे वेगळे लावा, पण दोष सिद्ध झाल्याशिवाय पार्ट मागवू नका.